लॅमिनेशनवाले नाना

नानांच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. पिशवीला रबर. ती पिशवी आता इतकी धुरकट झाली आहे की आतला रिमोट नवाकोरा असला तरी आकडे दिसत नाहीत. बातम्या लावायला गेलं की भजन लागतं. सोफ्याला कव्हर आहे, कव्हरवर चादर आहे आणि पाहुणे येणार असले की ती चादर खराब होऊ नये म्हणून काढून ठेवतात आणि जुनी घालतात. सोफ्याचा मूळ रंग कोणता, हे सुनेला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ठाऊक नाही. रेशनकार्ड, दहावीची मार्कशीट, कधीच भंगारात गेलेल्या स्कूटरचं आरसी बुक, सगळं लॅमिनेट केलेलं. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरल्याची पावतीसुद्धा.

असे एक नाना प्रत्येक सोसायटीत असतात. ते वस्तू वापरायला घेत नाहीत, पुढच्या पिढीच्या हाती जशीच्या तशी सोपवायला घेतात. पुढची पिढी ती मिळेल त्या भावाला विकून मोकळी होते, हा भाग वेगळा.

तर आमच्या नानांनी गेल्या दसऱ्याला गाडी घेतली. रंग काळा. तो सुनेनं निवडला, नानांचं मत पांढऱ्याला होतं. शोरूममधल्या टाय लावलेल्या पोरानं सही झाल्या झाल्या हळूच विचारलं, “सर, एवढी अकरा लाखांची गाडी. पेंटला प्रोटेक्शन नको का?” अकरा लाख देणारा माणूस त्या क्षणी अठ्ठावीस हजारांना नाही म्हणू शकत नाही, हे त्या पोराला पक्कं माहीत असतं. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. बॉनेटवर परमनंट मार्करनं रेघोट्या मारल्या, कापडानं पुसल्या, गायब. लायटर पेटवून धरला, डाग नाही. नाना म्हणाले, “म्हणजे लॅमिनेशनच की.” पोरगा म्हणाला, “लिक्विड लॅमिनेशन, सर.” तिथे नाना संपले.

तसे पर्याय तीन होते. टेफ्लॉन, म्हणजे चार-पाच हजारांत चकाकी, जी थोड्या महिन्यांत धुण्याबरोबर निघून जाते. सिरॅमिक, म्हणजे सिलिका असलेलं द्रावण, जे रंगावरच्या पारदर्शक थराला चिकटून कडक होतं. आणि पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. हिचा पूर्वज व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूदगडांपासून वाचवायला चिकटवत. सगळ्या गाडीला ही फिल्म लावायची तर लाखाच्या आसपास. नानांनी मधला मार्ग घेतला. मध्यमवर्ग नेहमी मधलाच घेतो; दुकानदार बाकीचे दोन त्यासाठीच मांडून ठेवतो, असा माझा जुना संशय आहे.

मग संध्याकाळी बाकावर आमचं शिक्षण सुरू झालं. “नऊ एच!” नाना म्हणाले. “हार्डनेस नऊ एच. हिरा दहा, आपलं नऊ.” हे ऐकून डी विंगचे ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर जागे झाले. हा नऊ एच पेन्सिलीचा आहे, त्याचा हिऱ्याच्या मापाशी संबंध नाही. इंटरमीजिएटच्या परीक्षेला आपण एचबी आणि टू-बी घेऊन बसायचो ना, त्याच घराण्यातली अगदी कडक ती नऊ एच. ती ठराविक कोनात धरून कोटिंगवर ओढायची, ओरखडा नाही उठला की झालं नऊ एच. हिऱ्याची दहाची पट्टी दगडांची. तिच्यावर साध्या वाळूतल्या गारेला सात मिळतात, आणि पेन्सिल शेवटी ग्रॅफाइट आणि माती. थोडक्यात, गाडीवर कोणी पेन्सिलीनं हल्ला केला तर नाना सुरक्षित आहेत. सिंहगड रोडवर लोक पेन्सिली घेऊन फिरत नाहीत. तिथे रिक्षा असतात, टू-व्हीलरचे फुटरेस्ट असतात आणि पुढच्या डंपरमधून उडणारी खडी असते.

मास्तरांनी वहीत आकडेही काढून दाखवले. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. त्यातला पारदर्शक थर चाळीस-पन्नास. डोक्याचा केस त्याहून जाड. आणि अठ्ठावीस हजारांचं कोटिंग? एक-दोन मायक्रॉन. पोळीला तुपाचं बोट दाखवावं, तेवढं. गंमत पुढेच आहे. कोटिंग लावण्याआधी पृष्ठभाग साफ हवा म्हणून नव्या गाडीलाही पॉलिश मारतात, आणि त्या पॉलिशमध्ये मूळच्या थरातलेच एखाद-दोन मायक्रॉन घासून जातात. म्हणजे कंपनीनं दिलेलं काढायचं आणि तेवढंच विकत घेऊन परत लावायचं. नानांनी वही शांतपणे मिटली आणि म्हणाले, “मास्तर, तुमची गाडी कोणती?” मास्तरांकडे स्कूटर आहे. चर्चा तिथेच संपली.

खरं सांगायचं तर कोटिंग अगदीच थोतांड नाही. पहिल्या पावसात नानांच्या बॉनेटवरून पाणी मोत्यांसारखं घरंगळलं तेव्हा आम्ही सगळे छत्र्या घेऊन बघत उभे होतो. चिखल पटकन सुटतो, धुवायला निम्मा वेळ लागतो. कबुतराच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं. एप्रिलच्या उन्हात ती तशीच राहिली तर रंगावर कायमचा व्रण उठतो, कोटिंगमुळे तेवढी थोडी उसंत मिळते. ज्याची गाडी बारा महिने गुलमोहराखाली उभी आणि जो ती स्वतःच्या हातानं धुतो, त्यानं खुशाल घ्यावं. नानांची गाडी बेसमेंटमध्ये असते. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, कबुतरं नाहीत. तिथे फक्त नाना असतात.

दसऱ्याच्या पूजेचा प्रसंग तर लिहून ठेवण्यासारखा. कोटिंग आदल्या दिवशी झालेलं, आठवडाभर पाणी लावायचं नाही अशी सक्त ताकीद. आणि खाली आल्या नानांच्या आई, वय चौऱ्याऐंशी, हातात तबक, तबकात ओलं कुंकू. “बॉनेटवर स्वस्तिक काढते.” नानांचा चेहरा पांढरा पडला. झेंडूच्या हाराला तार होती, ती नानांनी आधीच उपसून हार दोऱ्यात ओवून घेतला होता; पण आईला कसं सांगणार? शेवटी त्यांनी बॉनेटवर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म अंथरली आणि आजींनी तिच्यावर स्वस्तिक काढलं. नारळ गाडीपासून दहा पावलांवर फोडला. लिंबू चाकाखाली ठेवलं, त्याचा रस उडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र. सगळं झाल्यावर आजी म्हणाल्या, “अरे, पूजा गाडीची झाली की प्लास्टिकची?” आणि तेवढ्यात परतीचा पाऊस आला. नाना गाडी घेऊन बेसमेंटकडे पळाले आणि आम्ही पेढे खाऊन घरी गेलो.

खरा शत्रू मात्र रोज सकाळी सहाला येतो. हातात एक बादली आणि एक फडकं घेऊन तो चौदा गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची धूळ फडक्याबरोबर चौदाव्या गाडीवर पोचते, आणि त्या धुळीत वाळूचे कण असतात. काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतात ना, त्या बहुतेक या मार्गानंच येतात. त्यावर उपाय कोटिंग नव्हे. दोन मायक्रोफायबर फडकी, भरपूर पाणी आणि कोरड्या गाडीवर हात न फिरवण्याचा संयम. सगळं मिळून पाचशे रुपयांच्या आत. नानांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, हा हिशेब एकदा भरल्या घरात मांडला. वर म्हणाल्या, “ओरखडा उठला तर गॅरेजवाला चार हजारांत आख्खं दार रंगवून देतो. अठ्ठावीस हजारांत सात दारं. तुमच्या गाडीला डिकी धरून पाच आहेत.” नाना म्हणाले, “कंपनीच्या रंगाची सर कशालाच येत नाही.” काकूंनी सोफ्यावरची चादर नीट केली आणि आत गेल्या.

नानांनी गाडी पुसणाऱ्याला हात लावायला बंदी केली. आता ते स्वतः पुसतात. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की मात्र अडचण. त्या जड पाण्याचे थेंब कोटिंगवर छान गोल उभे राहतात, तसेच सुकतात आणि पांढरे ठिपके मागे ठेवतात. म्हणून नाना पिण्याच्या पाण्याचे जार आणतात. आरओच्या पाण्यानं अंघोळ करणारी आमच्या सोसायटीतली ती एकमेव गाडी. आजींना अजून बोअरचंच पाणी मिळतं.

वॉरंटी पाच वर्षांची आहे. कार्ड अर्थातच लॅमिनेट केलेलं. बारीक अक्षरात लिहिलंय की दर वर्षी त्याच स्टुडिओत, त्यांच्याच दरानं मेंटेनन्स करून घेतला तरच वॉरंटी चालू. दगड, ओरखडे, अपघात वगळून. काय उरतं, ते मी नानांना विचारलं नाही. लग्नकार्याला ते रिक्षानं येतात, कारण मंगल कार्यालयाचं पार्किंग त्यांना पसंत नसतं. पण वर्ष भरलं तसं मेंटेनन्सला त्यांना गाडी न्यावीच लागली, थेट वाकडपर्यंत, आणि सोबतीला मला घेतलं. जाताना वारज्याच्या पुढे एका डंपरमधून खडी उडाली. टक्क असा आवाज झाला. नाना पुढचा सगळा रस्ता बोलले नाहीत.

स्टुडिओतल्या पोरानं बॉनेटवर टॉर्च मारला. तांदळाएवढा टवका होता, आतलं प्रायमर दिसत होतं. “हे कोटिंगमध्ये येत नाही, सर. याला पीपीएफ लागतं.”

“मग कोटिंगवर लावा.”

“कोटिंगवर फिल्म धरत नाही, सर. आधी पॉलिश मारून कोटिंग काढावं लागेल.”

नानांनी आवंढा गिळला. “आणि फिल्म लावल्यावर? फिल्म खराब झाली तर?”

“होऊ नये म्हणून फिल्मवर सिरॅमिक मारतो ना, सर.”

नानांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. “बघा,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “याला म्हणतात पद्धतशीर काम,” आणि त्यांनी पोराला विचारलं, “कार्ड चालतं का?”