हुज्जत कशी घालावी

मारामारीला ताकद लागते, भांडणाला निदान कारण तरी लागते. हुज्जतीला दोन्ही लागत नाहीत, त्यामुळे ती सर्व वयोगटांस सोसते. तरीही शास्त्रशुद्ध हुज्जत आता क्वचितच ऐकू येते, म्हणून हे मार्गदर्शन.

आधी मूळ समजून घ्यावे. शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, सबळ प्रमाण. थोर तत्त्वचिंतक अल्-गझाली (मृत्यू ११११) यांना ‘हुज्जत-उल-इस्लाम’ म्हणतात आणि इराणमध्ये धर्मपंडितांना आजही ही पदवी मिळते. उस्मानी तुर्कांच्या राज्यात काझीने करून दिलेल्या दस्ताला हुज्जत म्हणत. एवढा वजनदार शब्द मराठीत येईतो त्यातला पुरावा वाटेत गळून पडला आणि खाली राहिली नुसती वादावादी. पहिला नियम यातूनच निघतो: हुज्जतीला जाताना पुरावा जवळ बाळगू नये. कागद दाखवला की प्रकरण तिथेच मिटते, मग घालणार काय?

सरावासाठी एसटीसारखी जागा नाही. २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. कंडक्टर म्हणतो, “आजोबा, आधार कार्ड दाखवा.” आजोबांनी कार्ड काढू नये. “माझे केस काय उन्हात पांढरे झाले का रे?” असे विचारावे. कंडक्टर नियम सांगेल. मग तो शाळेत जात होता तेव्हा आपण कुठे नोकरीला होतो ते सांगावे. इथे कंडक्टर अरबी अर्थाने हुज्जत मागतोय आणि आजोबा मराठी अर्थाने देताहेत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोघेही बरोबर. मागच्या सीटवरून कुणीतरी “जाऊ द्या हो” म्हटल्याशिवाय थांबू नये. पिंगा, फुगडी आणि हुज्जत या घालायच्या गोष्टी आहेत, एकट्याने जमत नाहीत. म्हणून समोरच्याचा दम टिकेल याची काळजी आपणच घ्यायची. कार्ड खिशातच असले तर उतरताना सहज दाखवावे, त्याने रंगत वाढते.

नवे मुद्दे शोधत बसू नये. ‘तक्रार’ हाही अरबी शब्द आणि त्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ती. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय दरवर्षी त्याच शब्दांत मांडणारे काका नकळत व्युत्पत्तीच पाळत असतात. (शिवकाळात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला. पण भांडताना कोश उघडतो कोण? कज्जा, तक्रार, हुज्जत जागच्या जागी राहिले.)

या विद्येत मुरलेल्याला हुज्जतखोर म्हणतात. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय, अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो, हुज्जतखोर समोरच्याचे डोके.

अखेरची सूचना पोलिसांबाबत. ‘पोलिसांशी हुज्जत’ हा मथळा वर्तमानपत्रात छान दिसतो, पण तोल सांभाळावा. कर्तव्यावरच्या सरकारी नोकराला रोखण्यासाठी अंगावर गेलात तर जुने कलम ३५३ लागायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १३२ लागते, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणून चौकात हुज्जत घालताना हात मागे बांधलेले असावेत. आणि तिथे मात्र लायसन्स, आरसी, पीयूसी असा सगळा अरबी ऐवज डिकीत ठेवावा.