आलाच आहात तर

महसूल खात्याच्या कचेरीत 34 वर्षे लेखणी झिजवून मी अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून निवृत्त झालो, त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझा भाचा एक ओली झालेली वही काखेत मारून आमच्या सोलापुरातल्या घरी आला आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "मामा, घरीच असता, तर एवढा हिशेब बघून द्या." वाक्य इतके निरुपद्रवी होते, की त्यात माझ्या उर्वरित आयुष्याची तजवीज होऊन गेलेली आहे, हे मसुद्यांतली छुपी कलमे हुडकण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाच्याही ध्यानात आले नाही.

भाच्याचा व्यवसाय पाण्याच्या टाक्या धुण्याचा. परगावच्या पाहुण्यांना हे सांगितले की ते आधी हसतात आणि मग "बाकी काय करतो?" असे विचारतात, सोलापूरकर हसत नाही. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येण्याची ज्या शहराला सवय जडलेली आहे, तेथे घराच्या पोटात हौद, डोक्यावर काळी टाकी, न्हाणीघरात पिंप आणि जिन्याखाली हंडे-कळश्या अशी जय्यत तयारी असते, आणि उजनीहून आलेले पाणी वापरून संपले तरी त्याच्या सोबतीने आलेला गाळ मात्र पेन्शनरासारखा तळाशी स्वस्थ बसून राहतो. हा गाळ उपसावयाचा कधी, तर जुने पाणी संपत आलेले आहे आणि नवे अद्याप आलेले नाही, अशा संधिकालात. लग्नाचा मुहूर्त हुकला तर पंचांगात दुसरा सापडतो. हा हुकला तर हजार लिटरच्या टाकीत एक टन पाणी चढून बसते, आणि भरलेली टाकी ओतून द्या असे सुचविणाऱ्या मनुष्याला सोलापुरात कोणी दारात उभे करीत नाही.

म्हणून ज्या भागाची पाळी असेल त्या भागात भाचा आणि त्याची दोन पोरे पहाटेच जाऊन धडकत. एक पोरगा टाकीत उतरे, दुसरा झाकणाशी बसून आतल्याशी सारखा बोलत राही. आतल्याचा आवाज थांबला तर तत्क्षणी कळावे, हा भाच्याचा नियम होता आणि तो त्याने एकदाही मोडू दिला नाही. त्या नियमापायी दोघांनी यच्चयावत तेलुगू चित्रपटांच्या कथा एकमेकांना सांगून संपविल्या होत्या. कथा रंगात आली की आतून ब्रशाचा वेगही वाढे. नायलॉनच्या ब्रशाने भिंती घासावयाच्या, गाळ सुपलीने भरून शेवटचा स्पंजाने टिपावयाचा, फवाऱ्याने धुवावयाचे, ब्लीचिंगचे पाणी फिरवून अर्धा तास थांबावयाचे आणि मग तेही धुऊन काढावयाचे. गाळातून क्रिकेटचे चेंडू निघत, कंगवे निघत, आणि एकदा एक किल्ली निघाली, जिच्या शोधात त्या घरातल्यांनी दोन वर्षे परस्परांवर संशय घेऊन अखेरीस कपाट फोडलेले होते.

नऊच्या सुमारास काम आटपे, आणि तेथून संध्याकाळपर्यंत दोन पोरे, एक पंप, एक फवारा, एक शिडी आणि हप्त्यावर घेतलेला टेंपो ही सगळी चतुरंग सेना झाडाखाली बसून राही. पगार पूर्ण दिवसाचा आणि काम तीन तासांचे, ही स्थिती सरकारी कचेरीत मला कधी खटकली नव्हती. खाजगी जमाखर्चात ती पहिल्याच पानावर टोचू लागली. तेव्हा धंद्याचा विस्तार करावा, असा विचार आम्ही मामा-भाचे मिळून करू लागलो. वही चाळताना मात्र असे दिसून आले, की आम्ही विचार करण्याच्या कितीतरी आधीच गिऱ्हाइकांनी तो विस्तार परस्पर करून टाकलेला होता.

टाकी धुऊन पोरे खाली उतरली, की दारात उभ्या असलेल्या गृहिणीची नजर प्रथम शिडीवर जाई. मग ती मृदू स्वरात म्हणे, "आलाच आहात, तर तेवढे पंखे पुसून जाता का?" कोणाला माळ्यावरचे पातेले खाली काढून हवे असे, कोणाला आंब्यात अडकलेला पतंग, एका आजीबाईंनी तर कुरडयांच्या चिकाचे भांडे दोन मजले चढवून गच्चीवर नेवविले, आणि वर गेल्यावर, वर आलाच आहात तर, सोऱ्याही फिरवून घेतला. माझ्या कारकुनी स्वभावाला नोंद झाल्यावाचून चैन पडत नाही, सबब मी वहीत 'आ. आ. त.' असा एक स्वतंत्र रकाना आखला. पहिल्या महिन्याअखेर त्या रकान्यात कामे 61 आणि वसुली शून्य, अशी बेरीज निघाली.

यावर उपाय एकच, छापील दरपत्रक. त्याचा मसुदा मी केला, आणि खरे सांगावयाचे तर निवृत्तीनंतर इतका निर्भेळ आनंद मला दुसऱ्या कशानेही झालेला नव्हता. दुकान-आस्थापनेच्या नोंदीने माझी निराशाच केली होती. ज्याला आमचे जुने लोक गुमास्ता म्हणत, त्या परवान्यासाठी खेटे घालण्याची मी तयारी ठेवलेली असता, 2017 च्या नव्या कायद्यान्वये दहापेक्षा कमी माणसे असणाऱ्याने नुसती सूचना द्यावी आणि पोच घ्यावी, एवढ्यावरच ते प्रकरण निकालात निघाले होते. ती सगळी भूक मी दरपत्रकावर भागविली. कलम 1 : मूळ कामाव्यतिरिक्त सांगितलेले कोणतेही काम, मग ते 'सहज', 'जरासे', 'हात फिरविल्यासारखे' अथवा 'आलाच आहात तर' अशा कोणत्याही शब्दांनी सुरू होवो, स्वतंत्र काम समजले जाईल. कलम 2 : सदर शिडी टाकीच्या कामी आणलेली असून तिजवर यजमानांचा हक्क पोहोचत नाही. कलम 3 मध्ये पंख्यांचे, जळमटांचे व माळ्यांचे दर. कलम 4 : चहा दिल्याने दरात सूट मिळणार नाही, न दिल्यास दर वाढणारही नाही, मात्र तसा शेरा मारला जाईल.

दरपत्रक वाटले गेले आणि गल्लीत खळबळ उडाली. एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक कडाडले, "गाडगे महाराजांनी गावेच्या गावे झाडून काढली. त्यांनी कधी दर लावला होता काय?" भाचा नम्रपणे म्हणाला, "नाही सर. पण महाराज दिवसा झाडायचे आणि रात्री कीर्तनात गावाला बोलून घ्यायचे. आम्हाला ती सोय नाही." आमच्या घरची पूजा सांगणारे गुरुजी मात्र चिडले नाहीत. टाकी धुऊन झाल्यावर देवघरावरची जळमटे दाखविण्यासाठी त्यांनी बोट उचललेलेच होते. पण दरपत्रक हाती पडताच त्यांनी ते बोट खाली घेतले, चष्मा लावून चारही कलमे सावकाश वाचली, "चौथे कलम फारच उत्तम साधले आहे" असा अभिप्राय दिला, आणि कागदाची घडी घालून ती पंचांगात ठेवून दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या मसुद्याची अशी कदर कोणत्याही वरिष्ठाने केली नव्हती, त्यामुळे मी त्या दिवशी गुरुजींचे बिल निम्मे केले.

पैसे पडू लागले तसा भाच्याचा हुरूप वाढला. सोफे धुण्याचे यंत्र आले. पहिल्याच घरी सोफ्याचा मूळचा दुधी रंग उघडा पडला आणि घरमालकांनी आपला सोफा तपकिरी होता व तो बदलला गेला आहे, अशी तक्रार मांडली. त्यांच्या लग्नातला फोटो काढून पंचनामा करावा लागला. हे किरकोळ. खरा प्रसंग गुदरला तो फरशीचा.

पोरांनी दोन-चार न्हाणीघरांच्या चिनी मातीच्या फरश्या ॲसिडने लखलखीत केल्या होत्या, आणि त्या कीर्तीवर एका जुन्या वाड्यातील ओसरीचे काम मिळाले. शहाबाद आम्हांला रेल्वेने जवळचे, त्यामुळे जुन्या सोलापुरी घरांतून शहाबादी फरशी पायाखाली सर्वत्र. ही ओसरीही तशीच, तीन पिढ्यांच्या पावलांनी निळसर-करडी, गुळगुळीत झालेली, फक्त कडेने तेलकट काळवंडलेली. पोरांनी ॲसिड शिंपडले मात्र, फरशीवर सरसर पांढरा फेस उसळला. त्या फेसाचा तो फुसफुस आवाज अजून माझ्या कानांत आहे. यजमानांनी खुर्ची मागवून घेतली. "बघा, मळ कसा तडफडतोय!" एक पोरगा अभिमानाने म्हणाला, आणि मीही मान डोलावून, जेथे फेस कमी दिसत होता तेथे आणखी थोडे ओतण्याची सूचना केली. मग पाणी मारले. फेस वाहून गेला आणि खालून जी ओसरी वर आली, ती राख फासलेल्या बैराग्याच्या पाठीसारखी पांढुरकी आणि खरखरीत होती. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिडाशी त्याचे उभे वैर. तडफडत होता तो मळ नव्हे, दगड, हे ज्ञान आम्हांला शेजारच्या नववीतल्या मुलीने पाठ्यपुस्तक आणून दाखविले. तोपर्यंत तीन पिढ्यांची झिलई गटारातून पुढच्या चौकापर्यंत गेली होती.

यजमान भले होते. त्यांनी फौजदारी केली नाही, फक्त फरशी पूर्ववत करून मागितली. घासाईचे यंत्र आणि कारागीर आणून, खडबडीतापासून बारकापर्यंत एकामागून एक दगड फिरवून, ओसरी पुन्हा चकचकीत करावयास आठ दिवस आणि तीन महिन्यांचा नफा लागला. त्या आठ दिवसांत पोरे कारागिराच्या पाठीशी उभी राहून ते काम शिकली. पुढल्या दरपत्रकात कलम 7 म्हणून 'फरशी-पॉलिश' दाखल झाले, आणि आज धंद्यातले सर्वाधिक उत्पन्न त्याच कलमाचे आहे. भाचा याला दूरदृष्टी म्हणतो. मी हरकत घेत नाही.

झुरळे मारण्याचे मात्र जमले नाही. मोबदला घेऊन कीटकनाशक फवारावयाचे तर 1968 च्या कायद्याखाली परवाना हवा, आणि परवान्यासाठी शेतकीची अथवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी व वर प्रशिक्षण हवे. भाचा इतिहास घेऊन बी. ए. झालेला. इतिहास झुरळांचाही मोठा आहे, परंतु तो परवान्यास चालत नाही.

एक काम भाच्याने स्वतःहून नाकारले. पाण्याची टाकी धुऊन झाल्यावर एका बंगल्याच्या मालकांनी अंगणातले लोखंडी झाकण पायानेच दाखविले आणि म्हणाले, "आलाच आहात, तर या संडासाच्या टाकीतही एक पोरगा उतरवा, पैसे काय ते सांगा." भाचा एरवी कोणाला नाही म्हणत नाही. त्या दिवशी त्याने शिडी उचलून टेंपोत टाकली, माणसाला तसा आत उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे हे दोन वाक्यांत सांगितले, उपसा करणाऱ्या गाडीचा फोन नंबर दिला आणि धुतलेल्या टाकीचे पैसेही न घेता निघाला. परतताना पोरांच्या तोंडून एकाही चित्रपटाची कथा ऐकू आली नाही.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला भाच्याने आमच्याच घरी सगळी अवजारे मांडली. मध्यभागी शिंदीची नवी केरसुणी, आणि तिच्या दोहो बाजूंना पंप, फवारा, सोफ्याचे यंत्र, पॉलिशचे यंत्र, भिंतीला टेकून शिडी. सौभाग्यवतीने केरसुणीला हळदकुंकू वाहिले, क्षणभर अडखळली, आणि मग यंत्रांनाही बोट लावले; यंत्रे कशीही असली तरी हप्ता फिटेपर्यंत ती लक्ष्मीच. गुरुजींनी यथासांग पूजा सांगितली, आरती झाली, आणि ते उपरणे सावरून उठणार, तोच ही त्यांना म्हणाली, "गुरुजी, आलाच आहात, तर बाहेरच्या टेंपोचीही पूजा उरकून घ्या ना."

गुरुजी पुन्हा बसले. त्यांनी पंचांग उघडले आणि मुहूर्ताऐवजी एक छापील कागद काढून भाच्याच्या हाती ठेवला. वाहनपूजा, नारळ यजमानांचा, 251 रुपये. कलम 4 : फराळ दिल्याने दक्षिणेत सूट मिळणार नाही, न दिल्यास दक्षिणा वाढणारही नाही, मात्र तसा शेरा मारला जाईल.

भाच्याने मुकाट्याने खिशात हात घातला. मी चष्मा लावून कागद आरपार वाचून काढला. दुसऱ्या कलमात एके ठिकाणी 'सदर' राहून गेला होता. तेवढा पेनने घालून दिला.