आठ थरांचे भाऊ

भाऊ शिलाई मशीनच्या दुकानात शिरताना दिसले की दुकानदार आधी सुयांची पाकिटं खणात सरकवतो. भाऊंच्या काखेत पिशवी असते आणि पिशवीत नमुने: गोणपाटाचा तुकडा, जीन्सचा कापलेला पाय, पोळ्याच्या झुलीचा कोपरा, ताडपत्रीची पट्टी आणि सासूबाईंच्या वाकळेचा तळहाताएवढा भाग. (हा भाग कधी कापला, ते सासूबाईंना अजून कळलेलं नाही.) सगळं एकावर एक रचून, त्यातल्या काहींना घडी घालून भाऊ विचारतात, "आठ थर होतात. शिवते काय?"

"पण भाऊ, तुमाले शिवाचं काय हाय?"

"थे मंग पाहू. मशीन दमदार पायजे."

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला. मशीनच्या बाबतीत भाऊंना ही वाटणी मान्य नाही. वाशीमच्या दुकानदारानं भाव सांगितला की ते अकोल्याची एसटी धरतात आणि अकोल्याच्यानं सांगितला की वाशीमची. या फेऱ्यांच्या भाड्यात एव्हाना मशीनचा स्टँड तरी नक्की आला असता.

खोटं कशाला बोला, भाऊंचं ज्ञान पक्कं आहे. पांढऱ्या, हलक्या घरगुती मशीनच्या खोक्यावर वॅट लिहिलेले असतात, गिऱ्हाईक ते वाचतं. भाऊ म्हणतात, "वॅट वाचू नका, चाक पाहा." जाड कापडात सुई घुसवायला वेग लागत नाही, हळू चालताना जोर लागतो. पायमशीनचं लोखंडी चाक एकदा फिरलं की आपल्या वजनानंच सुईला पार नेतं. कारखान्यातली जुकी डीडीएल-८७०० दाखवली तेव्हा दुकानदार कौतुकानं म्हणाला, "मिनिटाले साडेपाच हजार टाके!" भाऊ शांतपणे म्हणाले, "वाकळ शिवाची हाय का पळवाची?" मग जाड कापडाची आवृत्ती वेगळी येते, तिच्या नावापुढं 'एच' असतो, क्लच मोटर एकदम धावते आणि सर्वो मोटर मुंगीच्या पावलानं चालवता येते, हे सगळं भाऊंनी दुकानदारालाच समजावलं. तो बिचारा चहा मागवून बसला.

सुयांवर तर भाऊ तासभर बोलतात. चौदा नंबर ब्लाउजला, सोळा जीन्सला, अठरा झुलीला, एकवीस ताडपत्रीला. टाका चार मिलिमीटरचा हवा. बारीक टाका घातला तर जाड कापड पोस्टाच्या तिकिटांसारखं टिपेवरच फाटतं. एवढं सांगून ते चौदाच्या सुईखाली आठ थर ठेवायला लावतात, सुई कट्‌कन तुटते आणि भाऊंचा चेहरा उजळतो. "पाहा! म्या म्हनलंच होतं." मशीन नापास झालं की भाऊ पास होतात.

एकदा पोहरादेवीच्या यात्रेत त्यांनी एका बंजारा आजीचा फेट्या, म्हणजे घागरा, पाहिला. आरसे, कवड्या, भरतकाम. जाड कापडाचा याहून जड नमुना कुठं मिळायचा? भाऊंनी तिला जोरदार मशीन घ्यायचा सल्ला दिला. आजीनं हातातली सुई न थांबवता विचारलं, "आरशातून सुई जाते काय रे बाबा?" त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत, असं त्यांच्यासोबतचे लोक सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. यात्रेतलं जेवण भाऊ सोडणार नाहीत.

घरी वहिनींकडे त्यांच्या आईचं काळं उषा मशीन आहे, टेलर मॉडेल, पायानं चालणारं. गल्लीतल्या झुली, वाकळी, दप्तरं, सोयाबीनच्या सुडीवर टाकायच्या फाटक्या ताडपत्र्या, सगळं त्यावर होतं. अठराची सुई लावायची, टाका मोठा करायचा आणि जाड शिवण आली की पाय थांबवून हातानं चाक फिरवायचं. ताडपत्रीच्या टिपेतून पाणी पाझरतं म्हणून वहिनी टिपेवर मेण घासतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. भाऊंना विचारलं तर म्हणतात, "थे चालते आपलं. पन नवी घ्याची म्हनलं तर पाहूनच घ्या लागते."

सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, हे अर्थात भाऊंनीच गल्लीभर सांगितलं. वहिनींनी ऐकलं, अर्ज भरला, प्रशिक्षण केलं. पैसे मंजूर झाले तसे भाऊंनी पिशवी काखेत मारली. "चाल, अकोल्याले जाऊ. दोन दिवस लागतीन." पण वहिनी वाशीमच्या पाटणी चौकातूनच मशीन घेऊन आल्या होत्या. पिको-फॉलचं. लग्नसराई तोंडावर होती.

भाऊंनी मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून चाक पाहिलं, बोटानं टकटक केलं.

"हे आठ थर शिवते काय?"

वहिनी दोरा ओवत म्हणाल्या, "अवो, साडीले एकच थर असते."