मंगळावर हप्त्याने

2017 साली ॲडलेडच्या अंतराळ परिषदेत इलॉन मस्क यांनी वेळापत्रकच मांडलं: 2022 मध्ये मंगळावर मालवाहू यानं, 2024 मध्ये माणसं. दोन्ही सालं उलटली. तिथे त्यांचं साधं खोकंही उतरलेलं नाही. जिवाला धोका आहे, हे मात्र त्यांनी त्याआधीच सांगून ठेवलंय. (प्रामाणिकपणाला पैकीच्या पैकी.) तिकिटाला पैसे नसतील त्यांना कर्ज मिळेल, तिथे नोकऱ्याही भरपूर असतील, असं ते 2020 मध्ये म्हणाले. म्हणजे हवेत 95 टक्के कार्बन डायऑक्साइड, मातीत विषारी पर्क्लोरेट आणि डोक्यावर हप्ता! मालकाशी पटलं नाही तर राजीनामा खुशाल तोंडावर फेकावा. फक्त पृथ्वी-मंगळाची सोयीची गाठ साधारण 26 महिन्यांनी पडते. तोवरच्या प्राणवायूचे पैसे पगारातूनच कापणार ना, साहेब?