कुडाचं घर आणि राब: शहरी नवशिक्यांसाठी गणेशपुरीची मार्गदर्शिका

शिबिराला येताना प्रथम कपडे. खादीचा नवा कुर्ता चालेल, फक्त बाह्या कोपराच्या वर चढल्या पाहिजेत. भिवंडीहून वज्रेश्वरीच्या बाजूची एसटी धरा. वाटेत गोदामं लागतील. त्यातली कितीतरी भातखाचरांवर उभी आहेत. हा पहिला धडा, खिडकीतून फुकट.

निसर्गाशी जुळवून घेणाऱ्या शेतीसाठीचा ‘पर्माकल्चर’ हा शब्द बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 1978 साली ऑस्ट्रेलियात पुस्तकरूपाने जगापुढे ठेवला. ही माहिती पाड्यावर पोचल्या पोचल्या सांगू नका. वारली, कातकरी, मल्हार कोळी मंडळी सभ्य आहेत, ऐकून घेतील; पण तेवढ्या वेळात शेणाच्या चार पाट्या वाहून होतात.

आता राब. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, त्यावर ऐनाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत, वरून माती; पाऊस यायच्या आधी वाऱ्याच्या उलट बाजूने काडी. आग रेंगाळली पाहिजे. भडकली की वरवर जळते आणि तणाचं बी खाली सुखरूप राहतं. धूर दिसताच ‘अहो, कार्बन!’ असं ओरडू नका. ब्रिटिशांच्या वनखात्यालाही राबासाठी होणारी तोड खुपत होती. त्याने घातलेल्या बंधनांविरुद्ध ठाणे-कुलाब्यात शेतकऱ्यांची गाऱ्हाणी इतकी साचली की 1885 साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. तुम्हाला बोलायचंच असेल तर यंदा कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, ते विचारा.

मग घर. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मरते. तिच्या सरळसोट काठ्या उभ्या लावून बांबूच्या चिपांनी आवळल्या की कूड झाला. माती, शेण आणि भाताचा तूस यांचा गारा पायांनी तुडवायचा. लिंपायला दोघं लागतात, एक आतून, एक बाहेरून, एकाच जागी. तळव्याने रेटलेला गारा काठ्यांच्या फटीतून पलीकडे डोकावतो, तिकडचा तळवा त्याला परत दाबतो, आणि दोन्हीकडचा गारा मध्ये एकमेकाला धरतो. तुम्ही बोटांनी थापत बसलात की पलीकडून लिंपणारी, तुम्हाला शिकवणारी काकी म्हणेल, “थापू नको रं, रेट!” तिला मॅडम म्हणू नका. चुलीला चिमणी बसवायचाही सल्ला देऊ नका, त्या धुरानेच छपराच्या लाकडाला कीड लागत नाही.

पाठ धरली तर गरम पाण्याची कुंडं आहेतच. नित्यानंद स्वामींच्या समाधीला आलेले भाविकही तिथेच अंग शेकतात.

घरकुलाचा विषय निघेल तेव्हा गप्प बसणं उत्तम. हा कूड सरकारी यादीत कच्चा ठरतो, म्हणून तर मालकाला 25 चौरस मीटरचं पक्कं घर मंजूर होतं. तुम्ही सिमेंटच्या फ्लॅटमधून येऊन त्याला मातीची थोरवी सांगितलीत तर तो हसेल. त्याला पावसाने धुतलेला कूड दर साल लिंपावा लागतो, तुम्हाला एकदाच, तोही फोटोपुरता. जमिनीशी नातं वगैरे बोलायचं असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्याचा दावा कुठे अडकलाय ते विचारा आणि त्याच्यासोबत कचेरीच्या बाकावर एक दिवस बसा.

सर्वात महत्त्वाचं, तारखा. शिबिर डिसेंबरात ठेवाल तर शिक्षक गावात सापडणार नाहीत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात. तिथेही चिखलच तुडवायचा असतो, हजार विटांमागे अमुक दराने. भट्टीवाला पावसाळ्यातच, घरात दाणा नसताना, बयाणा देऊन ठेवतो. तेव्हा श्रावणात त्याच्या आधी पोचा, काकीला सबंध हंगामाची फी आगाऊ द्या आणि हिशोबाच्या वहीत ‘कर्ज’ असं चुकूनही लिहू नका. उचल देऊन माणूस बांधून ठेवणं 1976 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जवळच्या उसगावातली श्रमजीवी संघटना 1982 पासून हेच हिशोब तपासते आहे.