पुन्हा पहिल्यापासून

भजनप्रमुख, म्हणजे भजनी मंडळाची तालीम घेणारा आणि कार्यक्रमात पेटीशी बसणारा गृहस्थ, धार आणि देवास येथील मराठी वस्तीत पवार राजांच्या गाद्यांइतकाच जुना असावा, असे त्याच्या बसण्याच्या ऐटीवरून वाटते. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवल्यापासून मराठी चर्चच्या गायकवृंदातही त्याचा एक सख्खा भाऊ आढळतो. तेथे समोर तुकारामांच्या गाथेऐवजी 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक असते, एवढाच फरक. मंडळात या व्यक्तीला 'नाना' म्हणतात.

नानांची सांगीतिक पात्रता भूगोलावर आधारलेली असते. कुमार गंधर्व 1948 साली देवासला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले, आणि नाना त्यांच्या 'भानुकुल' या घरावरून टेकडीवर देवीच्या दर्शनाला जात असत. या दोन गोष्टींतून तिसरी काय निघते हे ते स्वतः सांगत नाहीत, ऐकणाऱ्याने ती काढावी अशी अपेक्षा मात्र असते.

तालमीचा बराच वेळ पट्टी ठरवण्यात जातो. ज्या स्वराला षड्ज मानून गायचे तो पेटीवरील स्वर म्हणजे पट्टी. पुरुषांना ती साधारण काळी एक लागते, बायकांना काळी चार किंवा पाच, म्हणून नाना मधली एखादी निवडतात आणि ती कोणालाच झेपत नाही. देवासात पवार घराण्याच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्यांची, म्हणजे शाखांची, राज्ये एकाच गावात 1948 पर्यंत नांदली, तेव्हा एका अभंगात दोन पट्ट्या नांदण्यास हरकत नसावी, असा युक्तिवाद करता येईल; परंतु धारला गादी एकच होती, तरी पट्ट्या दोनच ऐकू येतात, सबब हा सिद्धान्त फार ताणू नये.

नानांच्या पद्धतीचे मर्म एका आज्ञेत आहे. चूक कोठेही होवो, टाळकरी तिसऱ्या चरणात घाईला आले तरी, नाना भात्यावरचा हात उचलून म्हणतात, "थांबा, थांबा. पुन्हा पहिल्यापासून." परिणामी ध्रुपद, म्हणजे सर्वांनी मिळून उचलायची ओळ, मंडळाला झोपेतही म्हणता येते, आणि शेवटचा चरण, ज्यात संताची नाममुद्रा असते, तेथवर तालीम पोचण्याआधी चहा पोचतो. एकादशीला मंडळ तिसऱ्या चरणापर्यंत गर्जते आणि 'तुका म्हणे'पाशी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत पुटपुटते. ज्याचा अभंग, नेमका तोच ऐकू येत नाही.

यावरचा उतारा मागच्या रांगेतल्या काकूंना ठाऊक असतो. नाना एखाद्या लग्नासाठी इंदूरला गेले, की त्या टाळ खाली ठेवायला लावतात, नुसत्या टाळीवर ठेका धरवतात आणि जेथे अडते तेवढीच अर्धी ओळ समेवर नीट येईपर्यंत घोकून घेतात. सम ही तालाची पहिली मात्रा, जिच्यावर सर्वांनी एकदम पोचावे अशी शास्त्राची माफक अपेक्षा आहे. आधी शेवटचा चरण, मग पहिला. "भाऊ, तुम्ही 'म्हणे'ला पळता. जरा दम धरा ना," असे त्या म्हणतात, आणि नानांचे कधीही न ऐकणारे भाऊ दम धरतात. पुढच्या भजनात अभंग शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येतो, नाना डोळे मिटून मान डोलावतात आणि आपल्या तालमींचे फळ म्हणून मंडळींचे अभिनंदन करतात. काकू हरकत घेत नाहीत. नानांच्या दोन पुतण्यांची लग्ने अजून व्हायची आहेत.