चौथ्या सीटचं गृहशास्त्र

घर आवरण्याची पुस्तकं लिहिणाऱ्यांची घरं मोठी असावीत, असा माझा दाट संशय आहे. पहिल्याच प्रकरणात ते सांगतात, सगळे कपडे कपाटांतून काढा आणि जमिनीवर मांडा. आम्ही मांडले. मांडून झाल्यावर आम्हांला जिन्यात उभं राहावं लागलं.

तेव्हा खास मीरा-भाईंदरकरांसाठी हे वेगळं मार्गदर्शन. माझा अधिकार असा: मीरा रोड पूर्व, ३२० फूट कार्पेट, आई, आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि १९ वर्षांचा अनुभव. खर्च शून्य.

आधी मोजमाप. घर घेताना कागदावर लिहिलेला आकडा विसरून जा. आमच्या कागदावर ४७५ होते, त्यात जिना, लॉबी आणि भिंतींची जाडी यांतला आमचा वाटा होता. २०१६च्या रेरा कायद्यामुळे बिल्डरला आता कार्पेटचीच भाषा बोलावी लागते, पण आम्ही त्याआधीचे. टेप घेऊन स्वतः मोजा आणि प्रत्येक वस्तूने अडवलेली जागा भावाने गुणा. फुटाला १२ हजार धरू. आमचं गिरगावातून आलेलं लोखंडी कपाट तीन बाय दीड, म्हणजे साडेचार फूट, म्हणजे ५४ हजारांच्या जमिनीवर ते उभं आहे. आत आहे एका मिक्सरची पावती. मिक्सर २०११ साली गेला.

हे कपाट इथे आलंच कसं, तेही समजून घ्या, कारण सगळ्या पसाऱ्याचं मूळ तिथे आहे. आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबं गिरगाव, लालबागच्या चाळींतून इकडे सरकली. तिथे खोली दहा बाय बाराची, पण दाराबाहेर गॅलरी होती. पिंप, चपला, सायकल, वाळत घातलेल्या कुरडया आणि उन्हाळ्यात झोपायला काका, हे सगळं गॅलरीने सांभाळलं. फ्लॅटमध्ये खोल्या वाढल्या, गॅलरी गेली आणि गॅलरीतलं सगळं आत आलं. (काका पुढे नायगावला गेले. त्यांचा मुलगा विरारला. आमच्या घराण्यातला पसारा पश्चिम रेल्वेवर असा टप्प्याटप्प्याने उत्तरेला सरकतो आहे.)

आता मूळ सिद्धांत. लोकलमधलं बाकडं तिघांचं असतं आणि त्यावर चौघं बसतात. चौथा येतो, काही बोलत नाही, नुसता उभा राहून बघतो. आतले तिघं हलल्यासारखं करतात. चौथा अर्धा टेकतो आणि अंधेरीपर्यंत पाऊण बसलेला असतो. नवी वस्तू घरात आणताना हेच करावं. ‘ही ठेवायची कुठे?’ असं मोठ्याने विचारू नये, त्याने बायको सावध होते. वस्तू फ्रिजच्या कडेला टेकवून ठेवावी. आठ दिवसांत बाकीच्या सरकतात.

जागा वाढत नाही, पण वेळ वाटून घेता येतो. आमचा हॉल पहाटे पाचला देवघर, साडेसहाला डबे भरण्याचं टेबल, दुपारी आईची झोप, संध्याकाळी शिकवणी आणि रात्री अकरानंतर आमची बेडरूम असतो. बेडरूममध्ये आई आणि गणित असतं. ज्याला सोफ्याचा कोपरा हवा, त्याने मीरा रोडकरांची जुनी युक्ती वापरावी. सीटसाठी आपण उलटे भाईंदरला जातो आणि त्याच गाडीने ‘रिटर्न’ येतो. तसं पाहुणे यायच्या तासभर आधीच कोपऱ्यात जाऊन बसावं, उठू नये.

जुने कपडे बोहारणीला देण्याचा सल्ला सगळेच देतात. मी देणार नाही. एक तर भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचं गाव, इथे भांडं घेणं म्हणजे समुद्राकाठी मीठ विकत घेणं. दुसरं, बायकोने मागच्या दिवाळीत बरीच घासाघीस करून आठ साड्या दिल्या आणि एक मोठा टोप घेतला. साड्यांची घडी होत होती. टोपाची होत नाही. शेवटी आईनेच सुचवलं, “सूनबाई, त्या टोपात साड्या मावल्या असत्या गं.”

प्लास्टिकचे नवे खोके, खण, हुक यांच्या वाटेला जाऊ नये. वस्तूंसाठी खोके, खोक्यांसाठी मांडणी, मांडणीसाठी टूबीएचके, आणि मग काकांसारखं नायगाव. श्रीखंडाचा रिकामा डबा पुरतो. फक्त त्यावर चिठ्ठी लावा. आमच्या श्रीखंडाच्या सहा डब्यांत सुया, मोहरी, स्क्रू, तुरटी, दातदुखीच्या गोळ्या आणि श्रीखंड आहे, आणि पाहुण्यांसमोर पहिल्या झटक्यात बरोबर डबा उघडल्याचं मला आठवत नाही.

पाण्याच्या पिंपाला फर्निचर माना. सूर्या धरणाच्या योजनेतून या शहराला रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी द्यायचं ठरलेलं आहे, आणि ते घरात भरपूर आलं की पिंप निघेल असं बायको म्हणते. मला शक्य वाटत नाही. पिंपावर फळी आहे, फळीवर इस्त्री होते, खाली चपला आहेत, मागे छत्र्या. पाणी हे त्याचं आता जोडकाम आहे.

एवढं करूनही उरलं तर गावच्या माळ्यावर पाठवा. हा सगळ्यांत स्वस्त उपाय, गणपतीला जाताना गाडीत टाकायचं की झालं. आम्ही यंदा दोन बोचकी नेली. परतताना तांदूळ, नारळ, फणसाचे तळलेले गरे, आगळाच्या बाटल्या आणि दोन बरण्या कोकमं अशी पाच आली. ती सध्या हॉलमध्ये, म्हणजे आमच्या बेडरूममध्ये आहेत.

कोकमं हवी असतील तर रविवारी या. बरणीसकट न्या, आणि बरणी परत आणू नका.